आधी वाचा, मग साचा

'पॅटर्न' म्हटलं की आपल्याकडं जोडीला एकच शब्द येतो: 'लातूर'. पोरं पहाटे उठवा, सराव परीक्षा घ्या, मार्कांचा डोंगर करा. पण आज मी लिहितोय तो पॅटर्न कॉम्प्युटरवाल्यांचा आहे. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. 'हे आपल्या कामाचं नाही' म्हणून सोडू मात्र नका. सास्तूरच्या माणसाला हा विषय पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरइतकाच कळू शकतो, कदाचित जास्तच, असं माझं मत झालंय. का ते पुढं सांगतो.

माझा भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सुट्टीला आला तरी लॅपटॉप सोबतच असतो. एकदा काम करताना मी शेजारी बसलो, सवयीनं प्रश्न विचारत. समोर नुसता काळा पडदा. ना चित्र, ना बटन, ना माउस. टाइप करायचं आणि एंटर मारायचं, एवढंच. ह्याला ते लोक कमांड लाईन म्हणतात. त्यानं एक ओळ लिहिली. त्यात दोन नावं होती: एक त्यांच्या जुन्या प्रोग्राममधल्या एका क्लासचं, दुसरं एका पॅटर्नचं. एंटर मारला आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत दोन नव्या फायली तयार. शे-दीडशे ओळी असतील.

"मामा, हे हातानं लिहायला माझा अर्धा दिवस गेला असता," तो म्हणाला.

मी म्हणलं, "मग उरलेल्या अर्ध्या दिवसात तू काय करणार?"

तो हसला. पण रात्री जेवताना त्यानंच विषय काढला. "मामा, तुम्ही विचारलं ते खरं आहे. हे सगळं यंत्रच लिहायला लागलं तर आमचं काम काय उरतं?"

आपल्या लोहारा-उमरग्याच्या घरटी एखादं पोरगं आज कॉम्प्युटर शिकतंय. कुणी डिप्लोमाला, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी पुण्यात क्लास लावून. बापानं जमीन गहाण टाकून फी भरलीय. त्यामुळं हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही.

आधी ते हत्यार काय करतं ते आपल्या भाषेत सांगतो.

तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दप्तरात २१ गाव नमुने असतात. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो नमुना ७ आणि नमुना १२ मिळून होतो. नमुना म्हणजे कोरे रकाने: गट नंबर, क्षेत्र, नाव, पीक. ते भरले की तुमचा उतारा होतो. प्रोग्रामिंगमधला क्लास म्हणजे असाच एक नमुना. फरक इतकाच की हा नमुना नुसती माहिती धरून ठेवत नाही, त्याला कामंही नेमून दिलेली असतात. बेरीज कर, हिस्सा काढ, फेर घे, अशी.

मोठ्या प्रोग्राममध्ये असे शेकडो क्लास असतात आणि त्यांना एकमेकांशी जोडताना त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात. जाणत्या लोकांनी त्या अडचणींवरचे तोडगे गोळा केले, त्यांना नावं दिली. तेच डिझाइन पॅटर्न. ह्याचं गाजलेलं पुस्तक १९९४ साली आलं. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस हे चार लेखक, म्हणून प्रोग्रामर मंडळी त्यांना 'चौघांची टोळी' म्हणतात. त्यात २३ पॅटर्न आहेत.

दोन उदाहरणं देतो. एकाचं नाव बिल्डर. पीकविम्याचा अर्ज भरताना आपण कसं एकेक रकाना भरत जातो, नाव, गट नंबर, पीक, पेरा, बँक खातं, आणि सगळं झाल्यावरच अर्ज 'सबमिट' होतो. तसं एखादी गुंतागुंतीची वस्तू टप्प्याटप्प्यानं तयार करायची, अर्धवट बाहेर पडू द्यायची नाही. दुसऱ्याचं नाव डेकोरेटर. मूळ क्लासला हात न लावता त्याच्याभोवती दुसरा क्लास उभा करायचा. दारं तीच ठेवायची. येणारा माणूस बाहेरच्या दारातून येतो, बाहेरचा क्लास त्याची नोंद करतो किंवा तपासणी करतो आणि आत मूळ क्लासकडं पाठवतो. मूळ क्लासला वीस दारं असतील तर बाहेरच्यालाही वीस दारं पाहिजेत. हे लिहिणं म्हणजे निव्वळ नकलनविशी. म्हणून हत्यार लागतं. ते जुना क्लास वाचतं, त्याची दारं मोजतं, कुठल्या दारातून काय आत जातं आणि काय बाहेर येतं ते टिपतं आणि भोवतीचा क्लास लिहून देतं.

पॅटर्नवरून कोड यंत्रानं लिहायची कल्पना नवीही नाही. त्या चौघांपैकी व्लिसिडिस यांनीच सहकाऱ्यांसोबत १९९६ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात ह्यावर लेख लिहिला होता. आता तर एआयला मराठीत सांगितलं तरी ते लिहून देतं.

पण अशा हत्यारांच्या दोन जाती आहेत, आणि माझा सगळा मुद्दा ह्या दोन जातींचा आहे. एक जात कोरा साचा देते. लाराव्हेल नावाच्या व्यवस्थेतलं असं एक हत्यार खूप वापरात आहे. त्याचं नाव 'आर्टिसन', म्हणजे कारागीर. नाव सांगा, ते ठरलेल्या साच्यातून नवी फाईल पाडून देतं. आधी तिथं काय होतं हे त्याला बघायचंच नसतं. दुसरी जात आधी असलेला क्लास वाचते आणि त्याला जुळेल असं लिहिते. भाच्यानं दाखवलं ते दुसऱ्या जातीचं.

आता ह्या सगळ्याचा आपल्या गावाशी संबंध काय?

'पॅटर्न' हा शब्द प्रोग्रामरांनी घरं बांधणाऱ्यांकडून उसना घेतलाय. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचे वास्तुविद होते. १९३६ साली व्हिएन्नात जन्म, इंग्लंडमध्ये शिक्षण, पुढं अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक, २०२२ मध्ये गेले. १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक काढलं. माणसाला राहायला बरं वाटेल असं गाव, गल्ली, घर, खोली कशी असावी ह्याचे त्यात २५३ पॅटर्न आहेत. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम ह्या प्रोग्रामरांनी ती कल्पना आपल्या धंद्यात आणली. त्यानंतर सात वर्षांनी चौघांचं पुस्तक आलं.

त्याच्याही मागं जा. अलेक्झांडर यांचं पहिलं मोठं पुस्तक १९६४ चं. त्यात नमुन्यादाखल त्यांनी काय सोडवून दाखवलंय? सहाशे वस्तीचं एक भारतीय खेडं! साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते गुजरातेतल्या बावरा नावाच्या गावात येऊन राहिले होते. गावाच्या १४१ गरजा त्यांनी लिहून काढल्या. पाणी, गुरं, शेत, जातीपातीची बंधनं, सगळं. कुठली गरज कुठल्या गरजेत अडकलीय ते मांडलं आणि त्या काळच्या आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरला तो गुंता सोडवायला लावला. म्हणजे ह्या विद्येच्या मुळाशी आपल्यासारखंच एक खेडं आहे. पुढं त्यांचंच म्हणणं झालं की कॉम्प्युटरची ती पद्धत महत्त्वाची नाही. गरजा आणि घडण ह्यांच्यातलं नातं ओळखून काढलेल्या आकृत्या महत्त्वाच्या. त्या आकृत्यांचेच पुढं पॅटर्न झाले.

त्यांचा प्रत्येक पॅटर्न तीन गोष्टी सांगतो: हे कुठं लागू पडतं, अडचण काय आहे, आणि तोडगा काय. पॅटर्न क्रमांक १५९ म्हणतो की प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. का, तर एकाच बाजूच्या उजेडात समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. क्रमांक २४२ आहे दाराबाहेरचं बाकडं. घरात असूनही रस्त्यावरची जा-ये बघत बसता यावं म्हणून, खास करून म्हाताऱ्या माणसांसाठी. वाचलं आणि म्हणलं, अरे, हा तर आपला ओटा!

आता ३० सप्टेंबर १९९३ वर येतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरातलीही माणसं गेली. त्यावर इथं लिहिणार नाही.

घरं पडली त्याचं कारण तज्ज्ञांनी नंतर नीट मांडलं. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, आतबाहेर दगडाचे दोन थर, मधे बारीक दगड-मातीचा भर. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवदावर दरसालच्या लिंपणानं चढत गेलेली टनावारी माती. धक्का बसला, भिंतीचे थर सुटले, वरचं ओझं खाली आलं. पण त्याच ढिगाऱ्यात एक गोष्ट उभी होती, जी घाबरलेल्या डोळ्यांना दिसली नाही. जिथं खणाचे लाकडी खांब-तुळया नीट होत्या, तिथं भिंती ढासळूनही माळवद खांबांवर उभं राहिलं.

जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन आलं, आणि त्यातही दोन जाती होत्या.

पहिली जात, ५२ गावं उठवून नव्या जागी वसवायची. कोऱ्या मैदानावर चौकटी आखल्या, सरळ रुंद रस्ते, सारख्या घरांच्या रांगा. घराचं माप सातबाऱ्यावरून ठरलं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असेल तर ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे इथंही एक नमुना वाचूनच घरं निघाली. पण वाचलं काय? फक्त जमीन. घरात खाणारी तोंडं किती, दावणीला गुरं किती, वर्षाची ज्वारी कुठं ठेवणार, म्हातारी दिवसभर कुठं बसणार, हे त्या रकान्यात नव्हतं. मग ते घरातही आलं नाही. ढाळज गेली, ओटा गेला, दिवळी गेली, पाराजवळची गल्ली गेली.

इथं एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. थंडी तोंडावर होती, हजारो कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये होती. घर-घर विचारत बसले असते तर लोक कितीतरी वर्षं शेडमध्येच राहिले असते. शिवाय लोकांनाच दगड नको होता. दगडाच्या भिंतीचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. 'सिमेंट-लोखंड द्या' म्हणणारे आपलेच लोक होते. साचा वेगानं चालतो आणि संकटात वेग लागतो. सिमेंटचं छत डोक्यावर आलं तेव्हा आमच्याही घरात पहिल्यांदा सगळे आत झोपले.

दुसऱ्या जातीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. ज्या गावांत घरं पडली नव्हती, तडे गेले होते, तिथं घर न पाडता दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. अशी दीड लाखाहून जास्त घरं झाली. तिथं आधी घर वाचावं लागलं. भिंत कुठं फुगलीय, तुळई कुठं टेकलीय, खांब कुठला कुजलाय. मग भिंतीला आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीटचे जोड बसवले, माळवदावरची माती कमी केली, भिंतीला कमरपट्टा घातला, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार दिले. आणि माणसांशी बोलायला 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. हे काम हळू होतं, त्याचे फोटो चांगले येत नव्हते. पण घर त्याच माणसाचं राहिलं.

डेकोरेटर म्हणजे हेच की. आतलं ठेवायचं आणि भोवतीनं बळ द्यायचं.

गंमत बघा, नव्या वसाहतीतही लोकांनी शेवटी तेच केलं. आमच्या ४०० फुटांच्या घरापुढं वडिलांनी आधी पत्रा टाकला, मग त्याखाली ओटा बांधला, मग बाजूला गोठा काढला, मागं चूल मांडली. आज मूळ घर शोधावं लागतं. गावात कुठल्याही गल्लीनं जा, साच्यातल्या घराला प्रत्येकानं आपापलं जोडकाम केलेलं दिसेल. साच्यानं जे विचारलं नाही, ते माणसांनी तीस वर्षं पदरच्या पैशानं पुरं केलं. त्या खर्चाचा हिशेब कुठल्याच अहवालात लागत नाही.

भाच्याला हे सांगत होतो तेव्हा तो मधेच म्हणाला, "मामा, आमच्यातही हेच चाललंय." त्याच्या टीममध्ये हत्यार आलं तसा सगळ्यांना चेव आला. गरज असो-नसो, प्रत्येक क्लासभोवती पॅटर्न. एक साधा दर काढायचा तर आधी एक फाईल उघडायची, ती दुसरीकडं पाठवते, दुसरी तिसरीकडं. तहसीलमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर, तसंच. नवीन आलेला पोरगा आठ दिवस नुसता फायलींत फिरत होता. त्यात मूळ क्लास बदलला की त्यावरून तयार केलेल्या फाईलला पत्ताच नसतो. पुन्हा हत्यार चालवावं तर मधे हातानं केलेल्या दुरुस्त्या पुसून जातात.

खरं कारण असं की हत्यार दारं मोजतं, पण दार तिथं का ठेवलंय हे त्याला कळत नाही. ते क्लासमध्ये लिहिलेलं नसतंच. दहा वर्षांपूर्वी ज्यानं लिहिलं तो माणूस नोकरी सोडून गेला. अलेक्झांडर यांच्या पॅटर्नमधल्या तीन गोष्टींपैकी हत्यार फक्त तिसरी देतं, तोडगा. कुठं आणि का ह्या पहिल्या दोन माणसानंच आणाव्या लागतात. १९९६ मध्ये प्रोग्रामरांनी अलेक्झांडर यांना अमेरिकेत सॅन होजेच्या मोठ्या परिषदेत बोलावलं, तेव्हा त्यांनीही जवळपास हेच विचारलं होतं: तुमच्या पॅटर्ननं माणसाचं जगणं बरं होतंय का?

म्हणून भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: साचा पाडायचं काम यंत्रानं घेतलं तर घेऊ दे. तो अर्धा दिवस वाचलाय तो जुनं वाचण्यात आणि विचारण्यात घाल. भिंत का फुगली, खांब का टिकला, हे सांगणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. उलट साचे स्वस्त झाले की त्याचीच गरज वाढते.

आपल्याकडं शिकणाऱ्या पोरांना म्हणूनच सांगणं आहे. २३ पॅटर्नची नावं मुलाखतीसाठी पाठ करा, हरकत नाही. पण प्रत्येकापुढं 'हा कुठं वापरू नये' हेही लिहा. यंत्रानं लिहिलेली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय आपल्या नावानं पुढं पाठवू नका. आणि दुसऱ्याचं जुनं काम वाचायला कंटाळू नका. तीच खरी विद्या आहे.

सांगणं साहेब लोकांनाही आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याच जिल्ह्यात, परंडा-भूमकडं, घरात पाणी शिरून संसार वाहून गेले. पुन्हा घरं बांधायची, गावठाण हलवायचं, अशी बोलणी जिथं कुठं निघतील तिथं नकाशा काढण्याआधी एक रकाना वाढवा. ह्या घरातली माणसं दिवसभर काय करतात, एवढाच. साच्याशिवाय सरकारी काम चालत नाही हे मान्य. पण साच्यात काय भरायचं ते ठरवणारा माणूस त्या ओट्यावर तासभर बसलेला असावा. सास्तूरला बोलवा, आम्ही दाखवू कुठं काय राहून गेलं ते.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्याकडून एक पाहिजे. जुन्या गावातल्या घरात असलेली आणि नव्या घरात तुम्ही पदरच्या पैशानं परत बांधलेली एक वस्तू लिहा. ओटा, दिवळी, चूल, दावण, काहीही. सोबत ती का लागली तेही लिहा. 'का' शिवाय लिहू नका. मी सगळं एकत्र करून ठेवतो. ज्यांनी ती जुनी घरं बांधली त्यांच्यातले आता मोजकेच उरलेत. त्यांना विचारून घ्यायला वेळ थोडा आहे.